किलोचं वजन उलटं करून बघा

‘मला माहीत आहे’ म्हणजे नक्की काय? असं थेट विचारलं तर वर्ग जांभया देतो. त्यापेक्षा भाजीवाल्याचं एक किलोचं लोखंडी वजन टेबलावर ठेवा आणि विचारा : हे एक किलोच आहे, कशावरून?

वजन उलटं केलं की तळाशी शिसं दिसतं, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का. खात्याने ते स्वतःच्या प्रमाण वजनाशी ताडलेलं असतं, आणि ते त्याहून वरच्या प्रमाणाशी. १८८९पासून ही साखळी पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलापाशी संपायची. पुढे त्याच्यात आणि त्याच्या प्रतींमध्ये सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत आढळली. बदललं कोण? सांगता येईना, व्याख्येनुसार दंडगोलच बरोबर! शेवटी २० मे २०१९पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावर बेतला गेला.

म्हणजे कांदे आपण विश्वासावरच घेतो. पण हा विश्वास आंधळा नाही. शंका घेणाऱ्याला प्रत्येक पायरीवर तपासायची मुभा आहे, आणि थेट मूळ प्रमाणही बदलता येतं. ज्ञान आणि नुसता विश्वास यांतला फरक मला इथे दिसतो.

आता फोनवर आलेला फॉरवर्डही असाच उलटा करून बघा. शिक्का कुणाचा आहे? आणि तपासायला गेलं तर वाट सापडते का?