विशेष : वेगळेपणाकडून सवलतीकडे

‘विशेष’ म्हणजे बाकीच्यांतून एकाला अलग ओळखू देणारी खूण. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘शिष्’ हा धातू यांपासून बनलेल्या या शब्दाच्या गाभ्यात मोठेपणाचा दावा नाही. आज मात्र मोठ्या देवस्थानांच्या दारात ‘विशेष दर्शन’ असा फलक असतो आणि पैसे भरलेला किंवा पदावरचा माणूस त्याखालून रांग सोडून पुढे जातो. त्या माणसाचे देवाशी असलेले नाते रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीहून कोणत्याही अर्थाने निराळे नसते. म्हणजे शब्दाला जे हवे तेच तिथे नाही. या वापराचे खापर सहसा इंग्रजीतल्या ‘स्पेशल’वर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे.

कणादांच्या दर्शनाला ‘वैशेषिक’ हे नाव याच शब्दावरून मिळाले. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या सहा पदार्थांत विशेष पाचवा. कणादांच्या सूत्रांत सामान्य आणि विशेष हे पाहणाऱ्याच्या बुद्धीवर अवलंबून आहेत. भाष्यकार प्रशस्तपादांनी त्यापुढे जाऊन ‘अन्त्य विशेष’ सविस्तर मांडला. पृथ्वीचे दोन परमाणू गुणांनी तंतोतंत सारखे असले, तरी ते दोन आहेत, एक नव्हे. हे दोनपण ज्यामुळे टिकते तो विशेष. प्रत्येक परमाणूला, प्रत्येक आत्म्याला तो आहे. ज्याला विशेष नाही असा आत्माच नाही, ही या विचारातली फार मोठी गोष्ट. पुढे नव्यन्यायाचे पंडित रघुनाथ शिरोमणी यांनी हा स्वतंत्र पदार्थ मानायला नकार दिला, पण शब्दाचा अर्थ त्यांनीही बदलला नाही.

शालेय व्याकरणात तो अर्थ अजून शाबूत आहे. ‘नदी’ हे सामान्यनाम, ‘गड’ हे एका नदीचे विशेषनाम. कोकणातल्या मसुरे गावच्या खाडीला मिळणारी ही नदी गोदावरीपुढे लहान असली, तरी विशेषनामाचा तिचा हक्क तितकाच. रोजच्या बोलण्यातला ‘काय विशेष?’ हा प्रश्नही कालच्याहून आज निराळे काय, एवढेच विचारतो.

श्रेष्ठत्वाची छटा मात्र इंग्रजांच्या आधीपासून होती. संस्कृतात ‘वृक्षविशेष’ म्हणजे नुसता झाडाचा एक प्रकार. पण व्यक्तीविषयी किंवा रूपाविषयी बोलताना हाच ‘विशेष’ उत्तमतेकडे झुकत असे. फारसीतून आलेला ‘खास’ हा ‘आम’च्या विरुद्ध उभा राहिला. बखरींतला ‘खासा’ म्हणजे स्वतः धनी, ‘खासगी’ म्हणजे धन्याच्या स्वतःच्या मिळकतीचा कारभार. इथे मोल ठरते ते धन्याशी असलेल्या जवळिकीवरून.

इंग्रजी अमलाने आणले ते तिसरेच काही : नेहमीच्या नियमाबाहेरचे, हुकमाने केलेले, म्हणून विशेष. विशेष न्यायालय, विशेष अधिकारी हे त्याच जातीचे शब्द. ‘राजपत्र असाधारण’ हे नेहमीच्या राजपत्राहून थोर नसते. ठरल्या वारी न निघता गरजेनुसार निघते, इतकेच. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लागलेले लग्नही वरच्या प्रतीचे नसते. ते धर्मविधीवर अवलंबून नसते. या सगळ्या जागी अपवादाला कारण आहे, आणि कारण उघड सांगता येते. हा अर्थ निर्दोष आहे. ‘विशेषाधिकार’सुद्धा मुळात याच घरातला. संविधानाच्या १०५ आणि १९४ या अनुच्छेदांनी तो संसदेच्या आणि राज्य विधिमंडळांच्या सदस्यांना दिला, तो सभागृहात निर्भयपणे बोलता यावे म्हणून.

बिघाड झाला तो यांतल्या दोन धारा मिसळल्यावर. नियमातून सूट हा दफ्तरी अर्थ आणि धन्याशी जवळीक हा ‘खास’चा अर्थ एकाच ‘विशेष’मध्ये आले, आणि सुटीचे कारण सांगण्याची गरज उरली नाही. माणूस मोठा, म्हणून नियम त्याला लागू नाही; नियम लागू नाही, म्हणून तो मोठा.

मसुऱ्याच्याच आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते, तिथे विशेषाचे जुने रूप पाहायला मिळते. या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. शेतीची कामे आटोपल्यावर पारध आणि देवीचा कौल झाला की तारीख ठरते. जत्रेच्या दिवशी आंगणे कुटुंबांतल्या स्त्रिया मौन धरून नैवेद्य रांधतात. गर्दीत त्या वेगळ्या ठरतात त्या अंगावर घेतलेल्या कामामुळे. कोकणातल्या देवस्थानांत ‘मान’ हा शब्द असाच वापरला जातो : पालखीचा मान ज्याचा, त्याच्या खांद्यावर पालखीचा भार. मानकऱ्याला हक्क आहे तो कर्तव्यासकट. विकत घेतलेल्या ‘विशेष दर्शना’च्या मागे असा कोणताच भार नसतो.

याच जत्रेसाठी रेल्वे मुंबईहून सावंतवाडीकडे विशेष गाड्या सोडते. त्यांचा क्रमांक शून्याने सुरू होतो. तारीखच दरवर्षी नव्याने ठरत असल्याने नेहमीच्या वेळापत्रकात त्यांना जागा देता येत नाही. त्यांतून येणारे चाकरमानी कणकवलीला, कुडाळला उतरतात, आणि परतीच्या फेऱ्या झाल्या की त्या गाड्या बंद होतात.