सूत्र आणि प्रकरण

प्रोग्राम न चालवता नुसता वाचून त्यातले दोष हुडकणारी साधने संगणकक्षेत्रात जुनी आहेत. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी केलेले ‘लिंट’ १९७८ चे. असे साधन पुष्कळदा ‘अमुक ओळीत दोष’ एवढे सांगून थांबते. कोणत्या नियमाने दोष ठरला आणि तो नियम सेटिंगमध्ये कशासाठी चालू ठेवला, हे कळले नाही तर वाचणारा मुकाट्याने ओळ बदलतो किंवा सूचनेकडे काणाडोळा करतो. समजणे दोन्हीकडे नाही. प्रमाण मानलेले वचन आपली भर न घालता सुबोध करता येते काय, हा इथला खरा प्रश्न. धर्मग्रंथांच्या टीकाकारांना तो फार आधी पडला होता.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत शिस्तीने हात घातला तो महानुभाव पंथाने. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे पंथाच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी, श्रीदत्तात्रेयांचे स्थान. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी लीळाचरित्रात गोळा केल्या. केशिराजबासांनी त्यांतली निव्वळ वचने वेगळी काढली, तो सूत्रपाठ. सूत्रे पाठ करायला सोपी, पण प्रसंगातून उपटलेली. गावाच्या नावाचे उदाहरण घ्या: नांदेड जिल्ह्यातल्याच हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. विदर्भातही वाढोणा नावाची गावे आहेत, त्यामुळे जुन्या कागदात नुसते ‘वाढोणा’ आले की जिल्हा ठाऊक असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सूत्राचेही तसेच. कोणी विचारले, कशावरून बोलणे निघाले, हे गळले की एकच वाक्य कुणाला आज्ञा वाटेल, कुणाला थट्टा. म्हणून सूत्रामागचा प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ पंथात रचले गेले.

दृष्टांतपाठाची मांडणी याहून बोलकी आहे. त्यात ११४ दृष्टांत असून सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, तर त्यांचा मेळ घालणारे दार्ष्टांतिक केशिराजांचे. भर घातलेली आहेच. ती कुणाची हे मात्र लपवलेले नाही. भर न घालता स्पष्टीकरण होत नाही, आणि सांधा उघडा ठेवणे एवढीच सचोटी भाष्यकाराच्या हाती असते. तपासणीच्या साधनालाही हेच लागू. प्रोग्रामच्या वर्तनाविषयीचे क्षुल्लक नसलेले प्रश्न कोणतेही यंत्र सर्व प्रोग्रामांसाठी अचूक सोडवू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. म्हणजे साधनाचा ‘दोष’ बहुतेक वेळा अनुमानच असतो. नैयायिक स्वतःपुरते अनुमान आणि दुसऱ्याला पटवायचे अनुमान वेगळे मानतात. दुसऱ्यात हेतू आणि उदाहरण उघड सांगावे लागते. साधनाचा अहवाल या दुसऱ्या प्रकारचा, हे तो लिहिणारे सहसा विसरतात.

महानुभावांची गोष्ट इथे संपत नाही. पंडितांच्या संस्कृतापेक्षा साध्या बायाबापड्यांना कळणारी मराठी चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी आग्रहाने राखली. पुढच्या पिढ्यांनी तेच ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. पाठ शाबूत राहिला, किल्ली मोजक्यांपाशी. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने ती बाहेर आली. लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाच्या हाती पडायला सहाशेहून अधिक वर्षे लागली.