दिवाबत्तीची सोय

इ. स. १६५७ ते १६६१ ही वर्षे दख्खनेत मोठ्या धामधुमीची गेली. दिल्लीच्या तख्तासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठले, अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी पडला. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखान चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घालून बसला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. याच वर्षांत दोन स्मारके उभी राहिली. एक औरंगाबादेत, औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या कबरीवर. त्याला आपण बीबी का मकबरा म्हणतो. दुसरे चिंचवडला पवनेच्या काठी, मोरया गोसावींच्या समाधीवर, त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज यांनी १६५८-५९ च्या सुमारास बांधलेले मंदिर. पहिल्यामागे साम्राज्याचा खजिना होता, दुसऱ्यामागे एका गणेशभक्त घराण्याची पुण्याई आणि तिला मिळालेला राजाश्रय. दोन्ही वास्तू आज उभ्या आहेत, पण त्या ज्या रीतीने उभ्या राहिल्या त्यात फार फरक आहे. स्मारक टिकते ते त्याच्या दगडाच्या मोलावर की त्याच्या निगेसाठी लावून दिलेल्या कायमच्या उत्पन्नावर, हा प्रश्न या जोडीपुढे ठेवला तर उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते असे मला वाटते. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा आज राज्यातल्या सर्वांत सधन पट्ट्यांपैकी एक आहे, म्हणून हा प्रश्न इथे विचारायला विशेष अर्थ आहे.

आधी मकबऱ्याकडे नीट पाहायला हवे, कारण त्याच्यावर अन्याय झालेला आहे. ‘दख्खनचा ताज’ असे म्हणून त्याला ताजमहालाशेजारी उभे करायचे आणि मग तो उणा पडला म्हणून हळहळायचे, ही पद्धत रूढ झाली. दिलरस बानू ८ ऑक्टोबर १६५७ रोजी वारली. मकबरा तिचा मुलगा आझमशहा याने आईसाठी बांधला असे सर्रास सांगितले जाते. पण आझम १६५३ चा, म्हणजे आई गेली तेव्हा चार वर्षांचा. आरंभीचा हुकूम बापाचाच असणार, हे उघड आहे. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला या स्थपतीचे आणि हंसपतराय या बांधकाम पाहणाऱ्याचे नाव आहे, आणि अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा मानला जातो. गुलाम मुस्तफाच्या तवारीखेत खर्चाचा आकडा आहे तो ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. आण्यापर्यंतचा हा हिशेब हात राखून झालेल्या खर्चाची साक्ष देतो. घुमट संगमरवरी, भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी, आणि मधला सगळा भाग काळ्या दगडावर चुन्याचा घोटीव गिलावा. या गिलाव्यालाच लोक गरिबी समजतात. प्रत्यक्षात चुन्यातली वेलबुट्टी ही बहमनी काळापासून दख्खनच्या कारागिरांची हातखंडा कला होती, आणि मकबऱ्याच्या भिंतींवर व कमानींत ती जितक्या मोकळेपणी खेळली आहे तितकी मोगली इमारतीत क्वचितच दिसते. आतली योजनाही वेगळी आहे. ताजमध्ये पाहणाऱ्यासमोर वरची दिखाऊ कबर असते आणि खरी कबर तळघरात. इथे मधली जमीनच खुली ठेवली आहे, वरच्या सज्जातून वाकून पाहिले की अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत खालची मूळ कबर दिसते. पाहणाऱ्याला मान खाली घालायला लावणारी ही रचना मला ताजपेक्षा अधिक हळवी वाटते.

पण गिलावा म्हटला की डागडुजी आली. दर पावसाळ्यानंतर चुना पाहावा लागतो, जिथे फुगला तिथे खरवडून पुन्हा घोटावा लागतो. संगमरवरही याला अपवाद नाही. १६५२ च्या डिसेंबरात आग्ऱ्याहून शहाजहानला पाठवलेल्या पत्रात खुद्द औरंगजेबाने कळवले होते की आईच्या कबरीवरचा मोठा घुमट पावसाळ्यात उत्तरेच्या बाजूला गळतो. ताज पुरा होऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. जगातली सर्वांत महागडी कबर गळत होती, आणि तिला वाचवले ते आग्ऱ्याभोवतालच्या तीस गावांच्या वसुलीने आणि तिथल्या बाजार-सरायांच्या भाड्याने, कारण हे उत्पन्न शहाजहानने कबरीच्या नावे वक्फ करून ठेवले होते. कुराणपठण करणारे, दिवे लावणारे, डागडुजी करणारे या सगळ्यांची पोटे त्यातून भरत. ताजच्या वर्णनात आपण चंद्रप्रकाशावर पाने भरतो आणि या तीस गावांना एक ओळही देत नाही. मकबऱ्याच्या वाट्याला पुढे मोगलांच्या जागी निजामाचे राज्य आले. पश्चिमेची मशीद निजामाच्या काळातली, मूळ मांडणीचा तोल बिघडवणारी. १९१४ साली हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते निघाले आणि नंतर ती जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, तेव्हा निगेला पुन्हा सलगपणा आला.

आता चिंचवड. मोरया गोसावींची संजीवन समाधी खाली गुहेत, वर काळ्या पाषाणाचे साधे, ठेंगणे, जाड भिंतींचे मंदिर आणि आवारात त्यांच्या वंशजांच्या समाध्या. वास्तुकलेच्या इतिहासात या मंदिराला मकबऱ्याशेजारी कोणी बसवणार नाही. तरी त्याच्या भोवती जी व्यवस्था उभी राहिली ती असामान्य होती. मोरयांच्या वंशाला, म्हणजे चिंचवडच्या देव घराण्याला, पिढ्यान्‌पिढ्या राज्यकर्त्यांनी गावे इनाम दिली, आणि त्या उत्पन्नातून पूजा, नंदादीप, अन्नछत्र, माघात आणि भाद्रपदात मंगलमूर्तींची मोरगावची वारी हे सगळे चालत राहिले. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८९ साली या घराण्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि त्याचा विषय भक्तीइतकाच राज्यसत्ता आणि जमीन यांच्या संबंधांचा आहे. १८१० मध्ये देव घराण्याची मूळ परंपरा संपली, १८१८ मध्ये पेशवाई गेली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या. तरी देवस्थान मोडले नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, मग आकुर्डी-भोसरीचे कारखाने, १९८२ मध्ये महानगरपालिका. गाव कारखान्यांच्या नगरीत विरून गेले आणि समाधीवरची पूजा चालूच राहिली.

मराठी राजकुळांनी आपल्या स्मारकांसाठी हीच वाट धरली. दहन झाले, अस्थी नदीत गेल्या, मग इमारतीत ठेवायला काही उरतच नाही. म्हणून दहनाच्या जागी चौथरा, त्यावर वृंदावन किंवा शिवलिंग, फार तर पादुका, आणि शक्य असेल तर नदीचा काठ. याला केवळ साधेपणा म्हणून गौरवणे अपुरे आहे. समाधीवर शिवलिंग बसले की ती जागा देवस्थान होते, आणि देवस्थानाला इनाम लावून देता येते. ते पुढच्या राजालाही सहज काढून घेता येत नाही. व्यक्तीला दिलेली जहागीर राजकारणात बुडते, देवाची जमीन तुलनेने टिकते. तळेगावचे दाभाडे पाहा. सेनापती खंडेराव १७२९ मध्ये गेले, त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईला पडले, खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंनी घर सांभाळले आणि १७५१ च्या सुमारास पेशव्यांशी झालेल्या संघर्षात घराण्याचे बळ संपले. तळेगाव-चाकण रस्त्यावरची इंदुरीची गढी आज सेनापतींच्या वैभवाचे अवशेष सांभाळून आहे. खंडेरावांची समाधी मात्र बनेश्वराच्या महादेवाच्या सोबतीने राहिली. तसेच पुण्याजवळच्या वानवडीचे. तळेगावजवळच्या वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांना शरण यायला लावणाऱ्या मराठी सैन्याचे अग्रणी महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले. तिथे महादेवाचे मंदिर होते, त्याच आवारात त्यांचे स्मारक झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्यापुढे रंगीत काचांचा, राजस्थानी आणि युरोपीय धाटणी मिसळलेला भव्य सभामंडप घातला. शिंदे छत्री आजही निगुतीत आहे, कारण तिच्यामागे राज्य गेल्यावरही उरलेले एक घराणे आणि त्याची देवस्थानाची व्यवस्था आहे.

याउलट रायगड. शिवछत्रपतींची समाधी जगदीश्वराच्या देवळाशेजारी, म्हणजे जागा नेमकी त्याच परंपरेतली. पण १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी गड घेतला, वाडे जळाले, माणसे उतरली आणि समाधीला वाली उरला नाही. जेम्स डग्लस या ब्रिटिश लेखकाने १८८३ मध्ये तिच्या दुर्दशेबद्दल लिहिले तेव्हा मराठी मनाला चटका बसला. सरकारने निगेसाठी मंजूर केलेली रक्कम होती वर्षाला पाच रुपये. १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून निधीची हाक दिली, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला, आणि प्रत्यक्ष जीर्णोद्धार होऊन आजची छत्री उभी राहायला १९२० चे दशक उजाडले. महाराष्ट्राच्या सर्वांत थोर राजाची समाधी शंभर वर्षे उघडी पडली. त्याच शंभर वर्षांत चिंचवडला एका गोसाव्याच्या समाधीवरचा दिवा विझला नाही. लोकांच्या मनातली भक्ती रायगडाच्या बाबतीत तसूभरही कमी नव्हती. तिथे रोज कोणी जायचे, त्याचे पोट कशावर चालायचे, हे ठरवून देणारे कोणी उरले नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ताजचा वक्फ मोगलांबरोबर संपला, तरी ताज उभाच आहे. म्हणजे शेवटी दगडच जिंकला. हे अर्धेच खरे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्हाइसरॉय कर्झनने ताजची मोठी दुरुस्ती करवली, १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आला, आणि तेव्हापासून सरकारी अंदाजपत्रक हाच त्याचा नवा वक्फ झाला. सौंदर्यामुळे त्याला नवा पालक लवकर मिळाला, एवढे श्रेय दगडाला जरूर द्यावे. ज्या स्मारकांना ते सौंदर्य नाही, त्यांना पालक मिळेपर्यंत भिंतीत पिंपळ रुजतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. इनाम म्हणजे कुणाच्या तरी शेताचा सारा. चिंचवडचा नंदादीप असो की ताजचे पठण, त्याचे तेल कुणब्याच्या घामातून येत होते, आणि त्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. शिवाय देवस्थानाच्या उत्पन्नावर हक्क वंशपरंपरेने मोजक्या घरांचा. ती व्यवस्था पुन्हा आणावी असे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण इनामातला अन्याय वसुलीत होता. स्मारकाच्या नावे कायमचे उत्पन्न लावून द्यावे, या कल्पनेत तो नव्हता. आजचा सारा म्हणजे कर आहे, तो लोकांनी निवडलेली सभा ठरवते, आणि त्यातून निगेची तरतूद करणे जुन्या इनामापेक्षा किती तरी न्याय्य आहे. तिसरा आक्षेप जाणकारांचा: वापरातल्या स्मारकांचीच जास्त नासाडी होते. काळ्या दगडाला ऑइलपेंट, जोत्याला चकचकीत फरशी, दर्शनबारीला स्टीलचे कठडे. हे पुण्याभोवतीच्या कितीतरी देवळांत दिसते आणि पाहून जीव कळवळतो. पैसा आहे पण जाण नाही, असे झाले की पैसा घातक ठरतो. म्हणून तरतुदीत पुजाऱ्याइतकाच चुना ओळखणारा गवंडी आणि त्याला सांगणारा वास्तुसंवर्धक यांचा वाटा हवा.

आता या पट्ट्यापुरते पाहू. राजगुरुनगरला दिलावरखानाची कबर आणि मशीद आहे, चाकणला संग्रामदुर्गाचे उरलेले बुरूज, इंदुरीची गढी, तळेगावच्या समाध्या, तुळापूर-वढूची संभाजी महाराजांची पवित्र स्थळे. यांतली काही केंद्राच्या, काही राज्याच्या संरक्षणाखाली, काही कुणाच्याच नाहीत. त्यांच्याभोवती देशातल्या मोठ्या मोटारकंपन्यांचे कारखाने आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धाराचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पैसा आहे, मार्गही आहे. अडचण पैशाच्या घडणीत आहे. चालू प्रकल्प आरंभाचे वर्ष सोडून तीन वर्षांत संपवावा लागतो, आणि २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली देणगी या खर्चात धरली जात नाही. गैरव्यवहार रोखण्यासाठी हे निर्बंध आले, त्यामागचे कारण समजते. परिणाम मात्र असा की कंपनी समाधीभोवती कुंपण, दिवे, फलक, बाग सगळे करून देऊ शकते आणि प्रकल्पाची मुदत संपल्यावर माळ्याचा पगार देऊ शकत नाही. बांधायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही. शहाजहानलाही जे कळले होते ते आपल्या कायद्यात उतरलेले नाही.

यासाठी नवे स्मारक नको, नवा पुतळाही नको. महानगरपालिकेने आणि जिल्हा परिषदेने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक जुन्या समाधी-कबरीसाठी, ती संरक्षित असो वा नसो, अंदाजपत्रकात आवर्ती खर्चाचे स्वतंत्र शीर्षक धरावे. केंद्र-राज्याच्या ताब्यातली वास्तू असेल तर तो पैसा त्यांच्या खात्याशी करार करून वापरावा. त्यात एक पहारेकरी, दिवाळीच्या आधी भिंतींतली रोपटी मुळासकट काढण्याचे काम, दोन-तीन वर्षांनी चुन्याच्या दर्जा भरण्याचे काम आणि त्यावर देखरेख करणारा संवर्धक, इतके जरी बसले तरी पुरे. कंपनी कायद्यात वास्तुसंवर्धनापुरता कायम निधीला अपवाद मागावा, लेखापरीक्षणाच्या कडक अटींसह. ही मागणी इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता अधिक, कारण पैसा त्यांचा आहे. आणि करार करताना कबर कोणाची, समाधी कोणाची हा भेद करू नये: दिलावरखानाच्या घुमटावर उगवलेला पिंपळ आणि दाभाड्यांच्या चौथऱ्यात शिरलेला पिंपळ एकाच पावसात वाढतात, आणि दोन्ही काढायला माणूस एकाच आठवड्यात लागतो.