सेवा आणि ऋण

वसईच्या धर्मग्रामांत वाजविणाऱ्या, गाणाऱ्या व रंगविणाऱ्या काही मंडळींशी अलीकडे आमचे निवांत बोलणे झाले. या भागातील कलेची स्थिती जाणून घ्यावी, एवढाच हेतू होता. नव्या पिढीची अनास्था, ध्वनिमुद्रित संगीताचा सुळसुळाट अशा तक्रारी ऐकावयास मिळतील, असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेकांचे बोलणे एकाच शब्दापाशी येऊन थबकले. तो शब्द म्हणजे ‘सेवा’.

एका व्हायोलिनवादकाने सांगितले ते असे : सणाच्या दिवशी मंडपवाला, वीजवाला, आचारी यांची बिले बिनबोभाट चुकती होतात, वादकाची पाळी आली की, ही तर देवाची सेवा, असे म्हणून त्याची पाठ थोपटली जाते. तालमीचे दिवस, तारांचा खर्च, बुडालेला रोज यांचा हिशेब कोणी मांडत नाही. मुलाच्या हाती व्हायोलिन द्यावे की नाही, या विचारात ते आहेत. हे ऐकताना आमची मान खाली गेली. घरच्या लग्नात बँडवाल्यांशी आम्हीच घासाघीस केली होती. जेवणावळीच्या खर्चात मात्र हात आखडता घेतला नव्हता.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. कला हे देवाचे दान असेल, तर त्या दानाचे मोल मागणे अनुचित नव्हे काय? प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु जमीन व पाऊस हेही देवाचेच दान आहे. म्हणून शेतकऱ्याची भाजी कोणी फुकट मागत नाही. आमच्या मते ‘सेवा’ हा शब्द देणाऱ्याच्या मुखी शोभतो. घेणाऱ्याच्या मुखी तो आला की त्याची सक्ती होते. याच मंडळींतील एका वृद्ध गायनवृंदप्रमुखांनी आयुष्यभर मानधन नाकारले. त्यांचा नकार आम्हांस पूज्य वाटतो, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांच्यापुढे पाकीट धरलेच गेले नसते, तर नाकारण्याचे सुखही त्यांना लाभले नसते. प्रभू येशूने कामकऱ्याचा मजुरीवरील हक्क सांगितला, तो ७२ शिष्यांना सुवार्तेच्या कार्यासाठी पाठवितानाच, हेही विसरून चालणार नाही.

तथापि, ऋण केवळ पैशाचेच असते असे नाही. नावाचेही ऋण असते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिदोरीवर अनेक गोवेकर वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकाराने बांधलेली चाल स्वरलिपीत उतरवून वाद्यवृंदात वाटून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक करीत. गाणी देशभर गाजली. संयोजक व वादक बहुधा पडद्याआडच राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) त्यांतलेच. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारून भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. पण त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका विनोदी गीतातून. संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. असंख्य लोकांनी ते नाव गुणगुणले. त्या नावाचा खराखुरा कलावंत आहे, हे फार थोड्यांस ठाऊक होते.

बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानण्यास परतला. उरलेले नऊ जण दुष्ट होते असे आम्हांस वाटत नाही. बहुधा त्यांना घरी जाण्याची घाई असावी. आपणही मिस्सा संपताच घाईने बाहेर पडतो, वाद्ये आवरणाऱ्यांकडे वळून पाहत नाही. पुढच्या सणाचा अंदाजखर्च मांडताना वादकांसाठी एक रकाना ठेवावा, पत्रिकेत त्यांची नावे छापावीत, आणि कोणी मानधन परत केले तर ते दान म्हणून कृतज्ञतेने स्वीकारावे. तेव्हाच ‘सेवा’ हा शब्द ज्यांचा आहे त्यांना परत मिळेल. आणि मुलाच्या हाती व्हायोलिन देताना कोणा पित्याचे मन कचरणार नाही.