इंजिनातील टिकटिक आणि आपली विवेकबुद्धी

आपली विवेकबुद्धी आपल्याला दोष देत नाही, एवढ्यावरून आपण निर्दोष ठरतो काय? आणि ती दोष देते, एवढ्यावरून आपण दोषी ठरतो काय? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर चुकले की ख्रिस्ती माणूस एक तर बेफिकीर होतो, नाही तर जन्मभर भयभीत राहतो. या प्रश्नाचा विचार करताना एका अगदी व्यवहारातील गोष्टीची मदत होते. ती म्हणजे जुन्या मोटारीच्या इंजिनातून येणारी टिकटिक.

सुरतेजवळ तापी नदीच्या काठी कामरेज आहे. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग येथून जातो; पूर्वी त्याचा क्रमांक ८ होता, आता ४८ आहे. रात्रंदिवस वाहता रस्ता, त्यामुळे गाड्यांच्या दुरुस्तीचे काम येथे नित्याचेच. सुरत परिसरात पोटापाण्यासाठी आलेली आपली अनेक मराठी कुटुंबे लग्नकार्याला, नाताळाला बारडोली, व्यारा, सोनगड या मार्गाने नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडे जातात. गाडी जुनी असली म्हणजे निघण्यापूर्वी ती मेकॅनिकला दाखवावी लागते. बॉनेट उघडावे, इंजिन सुरू करावे, आणि आतून टिक-टिक-टिक असा आवाज यावा, की मालकाच्या पोटात गोळा येतो. इंजिन गेले, असे तो धरूनच चालतो. दुसरा एखादा मालक रेडिओचा आवाज वाढवतो आणि गाडी तशीच हाकतो.

चांगला मेकॅनिक या दोघांसारखे करीत नाही. तो इंजिन लगेच खोलत नाही आणि आवाजाकडे दुर्लक्षही करीत नाही. प्रथम तो ऑइलची पातळी पाहतो, कारण पुष्कळदा कारण तेवढेच असते. नंतर आवाज केव्हा येतो ते पाहतो. इंजिन थंड असताना येणारा आवाज तापल्यावर थांबला, तर एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून वायू निसटत असण्याचा संभव असतो. तापलेला धातू प्रसरण पावून फट बुजवतो. मग तो लांब पेचकसाचे टोक इंजिनवर निरनिराळ्या जागी टेकवतो आणि मुठीला कान लावतो. आवाजाचा तालही तो ऐकतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो; म्हणून इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका व्हॉल्व्हची टिकटिक ४०० वेळा होते. शेवटी तो एकेका प्लगची वायर काढून पाहतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका असेल, तर त्या सिलिंडरचे काम बंद पडताच तो मंदावतो. टॅपेटचा आवाज मात्र तसाच राहतो. पहिला दोष गंभीर, दुसरा अर्ध्या तासात दुरुस्त होणारा. दुरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटू शकतात.

आता खरी विचार करण्याजोगी गोष्ट. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांच्या इंजिनात टॅपेटपाशी मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. ती एका मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी असते. इंजिन तापले की भाग लांबतात, त्यांच्यासाठी ही जागा. फट वाढली की टिकटिक मोठी होते. पण फट मुळीच उरली नाही तर काय होते? आवाज थांबतो! मालक खूश होतो. परंतु आता व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. बंद असताना त्या बैठकीला टेकूनच तो आपली बरीचशी उष्णता बाहेर टाकीत असतो. टेकणे थांबले की तो तापत जातो आणि अखेर जळतो. जुन्या पेट्रोल इंजिनाला सी.एन.जी. बसवले, तर बैठक लवकर झिजून व्हॉल्व्ह आत रुतण्याचा आणि ही फट कमी होत जाण्याचा धोका असतो, तोही काहीही आवाज न करता. म्हणूनच थोडा आवाज करणारे टॅपेट गप्प टॅपेटापेक्षा बरे, असे अनुभवी मेकॅनिक म्हणतात.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हेच सत्य आपल्या जीवनासंबंधी सांगितले आहे. माझे मन मला कशाविषयी दोष देत नाही, पण तेवढ्याने मी नीतिमान ठरत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. केवढी सावधगिरी ही! मन शांत आहे, हे पौलाने प्रमाणपत्र मानले नाही. तीमथ्याला लिहिताना तर तो डाग देऊन बधिर झालेल्या विवेकबुद्धीविषयी बोलतो. बधिर झालेली जागा दुखत नाही, पण ती बरी झालेली नसते.

याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीच्या हंगामाला डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून हजारो मजूर कोयता घेऊन येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडता फेडता हंगाम संपतो, आणि शेवटच्या हिशेबात हाती काय पडेल याचा भरवसा नसतो. आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक त्यांत असतील. आपल्यापैकी काही जण स्वतः कोणाला तरी मजुरी देणारे असतील. निदान घरी भांडी घासणारी बाई तरी असेल. तिचा पगार चार दिवस लांबवताना, खाडे कापताना आपले मन टिकटिक करते काय? बहुधा नाही, कारण सगळेच तसे करतात. परंतु याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो की, शेते कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. आपल्याला आवाज येत नाही, याचा अर्थ आवाज नाही असा होत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक टिकटिक म्हणजे इंजिन गेले असे नव्हे. मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये एर्फुर्ट येथील मठात गेला, तेव्हा त्याचे मन त्याला सतत दोष देत असे. पापांगीकार करून आला तरी आणखी काही राहिले असे त्याला वाटे. त्याचा वडीलधारी स्टाउपित्झ याने त्याची दृष्टी स्वतःकडून काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे वळवली. पुढे १५२१ मध्ये वर्म्स येथे बादशहासमोर तोच ल्यूथर विवेकबुद्धीच्याच आधारावर उभा राहिला. मात्र ती देवाच्या वचनाने बांधलेली आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. मनुष्य तोच, मनही तेच. पण आता त्याला माप मिळाले होते.

मेकॅनिकसुद्धा कितीही तरबेज असला, तरी टॅपेटची फट केवळ कानाने ठरवीत नाही. फीलर गेजची ठरावीक जाडीची पोलादी पट्टी तो त्या फटीत घालून पाहतो. ते माप इंजिनाच्या बाहेरून येते. आपले मन आपला आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच वेळी होऊ शकत नाही. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात धीर देतो की, आपले मन आपल्याला दोषी ठरवीत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सर्व ठाऊक आहे. या एका गोष्टीत भयभीताला सांत्वन आहे आणि बेफिकिराला इशारा आहे.

मंडळीच्या जीवनातही असे आवाज निघतात. कोणी हिशेब विचारतो, कोणी विधवा म्हणते की माझ्याकडे कोणी फिरकत नाही. अशा वेळी आपण दाट ऑइल ओततो. त्याने ठोका काही दिवस दबतो, झीज चालूच राहते. ‘मंडळीत शांती असावी’ हे वाक्य पुष्कळदा असे दाट ऑइल असते. शांती नसता शांती म्हणणाऱ्यांना यिर्मयाने याच कारणासाठी दोष दिला. उलट प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पाहा. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी हेल्लेणी यहूद्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही, की मंडळी मोडली म्हणून ते हबकलेही नाहीत. त्यांनी कारण शोधले आणि सात जण नेमण्यास सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुरकुरीचा परिणाम फूट पडण्यात झाला नाही; देवाचे वचन वाढत गेले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी याचा विशेष विचार करावा. मुलांना भीती घालून त्यांची विवेकबुद्धी जागी करता येते, पण तशी जागी झालेली बुद्धी भलत्याच ठिकाणी वाजते. उपासनेत हसू आले म्हणून मूल रात्रभर तळमळते, आणि वर्गातल्या गरीब मुलाला चिडवताना त्याला काहीच वाटत नाही. मुलांच्या हाती माप द्या. त्यांना ख्रिस्ताचे वागणे दाखवा, आणि चूक कबूल करणाऱ्याला मारही देऊ नका, थट्टाही करू नका.

इंजिनाचा दृष्टान्त येथे थोडा अपुरा पडतो. इंजिन आपला दोष लपवीत नाही. माणूस लपवतो, कधी कधी स्वतःपासूनही. म्हणून स्वतःची तपासणी एकट्याने पुरी होत नाही. त्यासाठी देवाचे वचन हवे, प्रार्थना हवी, आणि आपल्याला सत्य सांगेल असा एखादा बंधू किंवा भगिनी हवी. या महिन्यात प्रभुभोजनाला येण्यापूर्वी प्रत्येकाने दोन प्रश्न घेऊन देवासमोर बसावे. माझे मन मला कशाविषयी दोष देत आहे, आणि तो दोष वचनाच्या मापाने खरा आहे काय? तसेच, माझे मन कशाविषयी गप्प आहे, आणि त्या गप्पपणामुळे कोणाची मजुरी, कोणाचे अश्रू, कोणाचा हक्क अडून राहिला आहे? पहिल्याचे उत्तर क्षमेकडे नेवो आणि दुसऱ्याचे भरपाईकडे. आमेन.