अन्नदात्याचे नाव

जेवण आटोपून पानावरून उठण्यापूर्वी 'अन्नदाता सुखी भव' असे म्हणण्याची चाल आमच्या घरात आजोबांच्या काळापासून आहे. घरी, देवळातल्या समाराधनेत किंवा लग्नाच्या पंगतीत हे शब्द उच्चारताना मनात काही शंका येत नाही. यजमान समोर असतो, वाढणारी मंडळी ओळखीची असतात, आशीर्वाद जायचा तिथे सरळ जातो. परंतु उपाहारगृहात पैसे मोजून खाल्ले, तर तो कोणाला पोहोचायचा? पैसे आम्ही दिले म्हणून आम्हीच आमचे अन्नदाते ठरतो काय? की गल्ल्यावर बसलेला मालक? की आत आचेपुढे उभा असलेला, बहुधा आम्हाला न दिसणारा माणूस? सरकारी सेवेत असेपर्यंत असल्या प्रश्नांना सवड नव्हती. निवृत्तीनंतर तो आमच्यापुढे उभा राहिला, आणि उभा केला सहा खुर्च्या मावतील एवढ्या एका खोलीने.

ही खोली डिचोलीच्या बाजारालगतच्या एका गल्लीत आहे. पूर्वी तिथे भाजी-पावाचे हॉटेल होते. भल्या पहाटे उघडायचे. खनिजाच्या ट्रकांचे चालक उभ्या उभ्या पातळ भाजी, उंडो आणि चहा घेऊन पुढे जायचे. 2012 साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ सुरू होऊन 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, आणि ट्रकांच्या रांगेवर जगणारी अशी कितीतरी हॉटेले त्यांच्याबरोबर थांबली. काही वर्षे कुलूप राहिलेली ती खोली पुढे एका नेपाळी जोडप्याने भाड्याने घेतली. बाहेर हाताने रंगवलेला फलक लागला: मोमो, थुक्पा, चाऊमीन.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते काहीशा संशयानेच. मोमो हा दिसायला आमच्या उकडीच्या मोदकाचा भाऊबंद. पारी मात्र मैद्याची आणि आत गुळखोबऱ्याऐवजी कोबी-कांद्याचे किंवा कोंबडीचे तिखटमिठाचे सारण. वाफेचे झाकण उघडले की चष्म्यावर धुके येते. सोबतच्या टोमॅटो-तिळाच्या चटणीचा घास घेताच जीभ किंचित बधिर झाली आणि आम्हाला एकदम बांगड्याचे हुमण आठवले. विचारल्यावर बाईंनी मूठभर दाणे आणून दाखवले. त्याला नेपाळात तिमूर म्हणतात. आमच्या तिरफळाच्याच कुळातले ते झाड. हिमालयाच्या उतारावरचा मनुष्य आणि गोव्याचा मनुष्य, दोघांनीही एकाच गोत्राचे दाणे आपापल्या रश्शात टाकले, याचा आम्हाला फार आनंद झाला. त्यानंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे जाणे हा आमचा नेम झाला.

आता या आनंदाकडे थोडे चिकित्सेने पाहू. चव लवकर ओळखीची होते आणि त्यामुळे माणूसही ओळखीचा झाला असा भास होतो. आमच्या पानातली मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू हे सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. पाव हा शब्दच पोर्तुगिजांचा. त्यांना आम्ही केव्हाच घरचे करून टाकले. पदार्थाला असे सहज घरात घेता येते. तो बरोबर आणणाऱ्या माणसाचे काय? मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशात 1980 ते 1992 या काळात यादवी युद्ध पेटले होते. पाऊण लाखाच्या आसपास माणसे त्यात मारली गेली आणि लाखो लोक देश सोडून गेले. त्यांतल्या अनेकांनी लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन यांसारख्या शहरांत लहान खानावळी काढल्या. मक्याच्या पिठाची, आत चीज, घेवड्याच्या दाण्यांचे वाटण किंवा मांस भरून भाजलेली जाड भाकरी, म्हणजे 'पुपुसा', आणि तोंडी लावायला कोबीचे आंबट लोणचे, असे त्यांचे साधे अन्न. ते तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही आवडू लागले. पण ती भाकरी मागवणाऱ्या किती जणांनी भाजणारीला विचारले असेल, बाई, तुम्ही घर कधी सोडलेत? दूरच्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तरी काय केले?

आमच्या गावाने त्या नेपाळी गृहस्थाचे नाव पहिल्याच दिवशी ठरवून टाकले: बहादूर. इमारतीचा रखवालदार बहादूर, किनाऱ्यावरच्या हॉटेलातला आचारी बहादूर, तसा हाही बहादूर. आम्हीही तेच म्हणत होतो, आणि त्यात आम्हाला आपुलकीच वाटत होती. ज्या माणसाची चटणी आम्ही बोटाने निपटून खात होतो, त्याला एक जातिवाचक नाम देऊन आम्ही मोकळे झालो होतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाही. आमचे एक स्नेही म्हणाले, "पदार्थाचे मूल्य तुम्ही चुकते केलेत, व्यवहार पुरा झाला. त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" या म्हणण्यात तथ्य आहे. कोणी कोणाच्या हातचे खावे याचे कडक निर्बंध ज्या समाजात होते, तिथे रोख पैशाने मोठेच काम केले. खानावळींवरच्या ब्राह्मणांसाठी म्हणून लागलेल्या पाट्या आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिल्या. त्या जाऊन बाकावर कोणीही कोणाशेजारी बसू लागला, यात नाण्याच्या निःपक्षपातीपणाचा वाटा आहे. शिवाय किंमत ही विकणाऱ्याचेही रक्षण करते. ग्राहकाची दया, कौतुक, उपकार यांपैकी काहीही स्वीकारण्याची सक्ती तिच्यामुळे त्याच्यावर राहत नाही.

तरीही किमतीने हिशेब पुरा होतो हे आम्हाला पटत नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार महिनेवारीवर खानावळवाल्या बायकांकडे जेवत. पैसे ठरल्याप्रमाणे दिले जात असतील. पण पहाटेपासून चुलीशी राबणारी ती बाई कर्जाच्या कोणत्या गाळात रुतली आहे, हे पुष्कळदा जेवणाऱ्याच्या गावी नसे. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, या बायकांना संघटित करून बँकेच्या कर्जाची वाट दाखवली, तेव्हा त्या समाजाला दिसू लागल्या. त्याआधीही अन्न तेच होते आणि भूकही तीच. दिसत नव्हती ती फक्त रांधणारी.

गेल्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा मोमो संपले होते. पावसाने गिऱ्हाईक नव्हते, म्हणून केलेच थोडे होते. परतणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "काका, आमचे जेवण आहे, चालेल?" ताटात भात, डाळ आणि काळपट पाल्याचे आंबट कढण आले. ते गुंद्रुक. मोहरी-मुळ्याचा पाला आंबवून, वाळवून हिवाळ्यासाठी ठेवतात. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, सोले, मीठ-मिरची भरून ठेवण्याची जी 'पुरुमेंत' असते, तीच ही बुद्धी. फलकावर हा पदार्थ नव्हता. विकायचे अन्न निराळे आणि स्वतःचे निराळे, ही रेषा त्या संध्याकाळी त्यांनीच पुसली होती. पैसे देऊ लागलो तर त्यांनी घेतले नाहीत.

त्या ताटाने आम्हाला धीर आला आणि आम्ही विचारले, "तुमचे खरे नाव काय? गाव कोणते?"

पस्तीस वर्षे अर्जांचे रकाने भरून घेतलेला आमचा आवाज. नाव, वडिलांचे नाव, गाव, वास्तव्याचा कालावधी. गृहस्थ काही बोलले नाहीत. आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद घेऊन आले: नेपाळचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, भाड्याचा करार, परवाने, सारे नीट घडी घालून ठेवलेले. बाई दारापाशी उभ्या राहिल्या. भारत आणि नेपाळ यांच्यातील 1950 च्या करारानुसार त्यांना इथे राहण्याची, व्यवसाय करण्याची मुभा आहे. कायद्याने त्यांना भिण्याचे कारण नव्हते. पण भीती कलमे वाचून येत नाही. ती प्रश्नाच्या सुरातून येते. तो सूर आमचा होता. ज्या ताटाचे पैसे घेतले नव्हते, त्याच ताटावर बसून आम्ही त्यांची तपासणी केली होती.

कागद आम्ही पाहिले नाहीत. पिशवी परत त्यांच्या हातात दिली, आणि इतक्या महिन्यांत कधी न केलेली गोष्ट केली: आधी स्वतःचे नाव सांगितले. मग आमचे गाव, मग आमचे एक काका मुंबईला जाऊन खानावळीत वाढप्याचे काम करीत आणि तिथे त्यांना सगळे नुसते 'गोवेकर' म्हणत, हेही सांगितले. गृहस्थ थोडे हसले. त्या दिवशी त्यांनी नाव सांगितले नाही, आम्हीही पुन्हा विचारले नाही. आठवड्याभराने बशी ठेवताना त्यांनी ते आपणहून सांगितले.

आम्हाला एवढेच कळले आहे की अन्नाच्या मोबदल्यात पैसा देता येतो. पण अन्नाबरोबर जे ऋण येते, ते फेडायला पैसा पुरत नाही आणि दयाही पुरत नाही. समोरच्याचे नाव मागण्याआधी आपले नाव त्याच्या हाती ठेवावे, आणि त्याचे त्याने द्यावे की नाही हे त्याच्यावर सोडावे, इतपत जमले तरी पुष्कळ. हे नाव आम्ही इथे छापलेले नाही. ते आम्हाला सांगितले होते, छापण्यासाठी दिले नव्हते. जेवण झाल्यावरचे ते तीन शब्द मात्र आता आम्ही त्या सहा खुर्च्यांच्या खोलीतही म्हणतो, आणि म्हणताना आतल्या दाराकडे पाहतो.