दीड किलोचा हिशोब

आटपाडी,
रविवार

चि. बापू,

फोनवर तुला उत्तर द्यायचं मी मुद्दाम टाळलं. फोनवर तुझं लक्ष नसतं, मध्येच गिऱ्हाईक येतं आणि माझं वाक्य अर्ध्यात लटकतं. पत्र तू दुकान वाढवल्यावर निवांत वाचशील, म्हणून लिहितोय.

तू म्हणालास, "मामा, दीड महिना झाला. कॉफीतली साखर सोडली, संध्याकाळचा बोंडा सोडला, रोज सकाळी अर्धा तास चालतोय. ९२ किलो ६०० वरून उतरलो किती, तर ९१ किलो २००. चौदाशे ग्रॅम! शेजारचा विटेकर एका महिन्यात चार किलो उतरला. माझ्या अंगातच काहीतरी खोट आहे. आता बास."

खोट अंगात नाही लेका, अंदाजात आहे. आपल्या आटपाडी-विट्याकडची माणसं पंजाबपासून केरळपर्यंत गलाईची दुकानं मांडून बसली ती कशाच्या जोरावर? जुनं सोनं आटवल्यावर चोख किती निघेल ते आधी सांगायचं आणि तेवढं काढून द्यायचं. शंभर ग्रॅम अठरा कॅरेटचा माल आला तर चोख पंचाहत्तरच्या आसपास निघणार. गिऱ्हाईक मनात नव्वद धरून आलेलं असलं की ते तुझ्याकडं चोरासारखं बघतं. तू काही भट्टी बंद करून कोइमतूर सोडत नाहीस. त्याला टंच दाखवतोस आणि कागदावर हिशोब मांडतोस. आज तू स्वतःच ते गिऱ्हाईक झालायस, तेव्हा हिशोब मी मांडतो. एवढी वर्षं गणित शिकवलंय, अजून विसरलेलो नाही.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. दोन कॉफींतली मिळून चार चमचे साखर गेली, त्या झाल्या ८० कॅलरी. बोंड्याच्या शंभर-सव्वाशे धर. तुझ्या वजनाचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी चालला तर बसून राहण्यापेक्षा शंभर-एक जास्त जाळतो. बेरीज होते तीनशेच्या आसपास. रविवारची बिर्याणी तू सोडलेली नाहीस हे सूनबाईनं मला सांगितलंय, त्यासाठी पन्नास वजा करू. राहिल्या रोजच्या अडीचशे. बेचाळीस दिवसांच्या झाल्या १०,५००. त्याला ७,७०० नं भाग. येतात १ किलो ३६० ग्रॅम. तुझ्या काट्यावर उतरलेत १ किलो ४००. यात चोरी कुठं झाली ते मला दाखव. जेवढं घातलंस तेवढं निघालंय, फक्त तू मनात सहा किलो धरून बसला होतास.

आता तो विटेकर. त्यानं भात-पोळी एकदम बंद केली, असं तूच म्हणालास. आपल्या शरीरात साखरेचा एक साठा असतो, यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅमचा, आणि त्याच्या तिप्पट पाणी त्याला धरून असतं. भात तोडला की आठवड्याभरात हा साठा रिता होतो आणि पाणी वाहून जातं. दीड-दोन किलो इथंच गेले. लग्नाच्या पंक्तीला दोनदा बसला की परत येतील. त्याची मेहनत खोटी आहे असं मी म्हणत नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत आमच्या इथंही बरीच माणसं पाळतात. काहींना ती मानवली, काहींनी दिवाळीच्या फराळाला सोडली. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ माणसांवर वर्षभर एक चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला. निम्म्यांना तेलतूप कमी करायला सांगितलं, निम्म्यांना भात-पाव-साखर. सरासरीनं एका गटाचे ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६, म्हणजे सारखंच. पण दोन्ही गटांत कुणी तीस किलो उतरलं, तर कुणी उलट दहा किलो वाढलं. तेव्हा शेजाऱ्याच्या काट्याकडं बघून आपला धंदा ठरवू नये.

तू एकटाच असा आहेस असंही समजू नकोस. फिलाडेल्फियातल्या, १९९७ साली छापलेल्या एका अभ्यासात ६० लठ्ठ बायकांना उपचाराआधी विचारलं होतं, किती वजनावर आलात तर समाधान होईल, आणि किती वजनावर निराश व्हाल? ४८ आठवड्यांनी ज्या टिकल्या त्या सरासरी १६ किलो उतरल्या होत्या. सोळा! तरी जवळजवळ निम्म्याजणी 'निराशेच्या' आकड्यापर्यंतसुद्धा पोचलेल्या नव्हत्या. सोळा किलो उतरवून वाईट वाटून घ्यायचं, यापरता तोटा कुठला?

मग धरायचं किती? वर मी मांडलेलं गणित सुरुवातीपुरतंच खरं असतं. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, आणि वजन उतरण्याचा वेग मंदावत जातो. केविन हॉल नावाच्या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सोबत्यांनी २०११ मध्ये याचा हिशोब बसवला. रोजच्या २४ कॅलरी कायमच्या तुटल्या की शेवटी साधारण एक किलो जातं, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. तुझ्या अडीचशेला हे लावलं तर शेवटी दहा किलोंच्या आसपास, आणि वर्षात पाच. पाच म्हटल्यावर तुझं तोंड वाकडं झालेलं मला इथून दिसतंय. पण ९२ मधले पाच म्हणजे पाच टक्क्यांच्या वर झाले. साखर आणि रक्तदाब हलायला एवढं पुरतं. जास्त हवं असेल तर जास्त घालावं लागेल. रात्रीचा भात निम्मा कर, चालणं पाऊण तासावर ने. पण एकदम सगळं नको. एकदम केलेलं तुझ्या हातून किती दिवस टिकतं ते मला ठाऊक आहे.

आता काट्याबद्दल. तुझा दुकानातला काटा मिलिग्रॅम दाखवतो म्हणून न्हाणीघरातल्या काट्यालाही तू तसाच मान देतोस. मटणाच्या जेवणानंतर सकाळी तो एक किलो जास्त दाखवणार. ती चरबी नसते. एक किलो चरबी चढायला खर्चापेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील, एवढं मटण तू एका बैठकीत संपवलं नसशील. ते मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं, आणि न पचलेलं अन्न. म्हणून सकाळी परसाकडं जाऊन आल्यावर, चहाकॉफीच्या आधी, लुंगीवर वजन करायचं, लिहून ठेवायचं आणि सात दिवसांची सरासरी काढायची. सरासरीवर बोलायचं, रोजच्या आकड्यावर नाही. रोज बघून जीव खालीवर होत असेल तर आठवड्यातून एकदाच बघ, बिर्याणीनंतरचा सोमवार सोडून.

आणि हा काटा वजन सांगतो, टंच सांगत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, हुबेहूब सारखा: २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या लोकांची चरबी अशी आत, पोटाशी बसते. म्हणून शिंप्याची टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा माप. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात, बायकांना ८० च्या. पट्ट्याचं भोक एक आत सरकलंय असं तू हसत हसत बोलून गेलास ना? ते माझ्या लेखी चौदाशे ग्रॅमपेक्षा मोठं.

तू ज्या मुलखात राहतोस तिथलीच एक गोष्ट सांगतो, आणि मला सगळ्यात मोलाची हीच वाटते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तुझ्यासारख्या, साखर काठावर असलेल्या ५३१ माणसांवर काम केलं, निकाल २००६ मध्ये छापला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं होतं त्यांतल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना चालायला लावलं, खाण्यावर लक्ष ठेवायला लावलं, त्यांच्यात हा आकडा ३९ वर आला. आणि या लोकांचं वजन? जवळजवळ होतं तिथंच. म्हणजे काटा हलला नाही, तरी रोग मागं हटला. तू काट्याकडं बघून चालणं बंद करायला निघालास, तेव्हा मला आधी हे आठवलं. तुझ्या बापाचे पाय साखरेनं कसे झाले होते ते तू पाहिलंयस.

तेव्हा रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी कर, आधी नको. एचबीएवनसी लाल पेशींवर चढलेली साखर मोजतं आणि त्या पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात, त्याआधी नवा हिशोब पुरता दिसायचा नाही. जाशील तेव्हा थायरॉइडही बघून घे, डॉक्टरांना विचारून. पुढं कधी साखरेची गोळी सुरू झाली तर त्यांना न सांगता जेवण चुकवायचं नाही.

आणखी एक, तू चिडशील तरी. आपल्याकडं वजनाला कायम मान होता. दुष्काळी मुलूख हा, ७२ साली खडी फोडून दिवस काढलेली माणसं. गलाईला गेलेलं पोरगं पहिल्यांदा सुट्टीला आलं आणि गालावर मांस दिसलं की बायका म्हणायच्या, बाहेरचं पाणी मानवलं. तुलाही म्हणाल्या होत्या, आणि तू खूश झाला होतास. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाचा पैसा आला, तर इथली पोटंही तुझ्या पोटाशी स्पर्धा करतायत. यात्रेला येशील तेव्हा "वाळलास रे, आजारी होतास का?" असं दहा जण तरी विचारतील. त्याचं मनावर घेऊ नकोस आणि त्यांच्या समाधानासाठी जिलेबी खाऊ नकोस.

तुझे आजोबा शाळेत होते तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे एवढे भोक्ते, की त्यांनी शाळांमधून ते सक्तीचे केले. त्यांच्या नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघालं. राजे १९५१ साली गेले, त्याआधीच संस्थान विलीन झालं, सक्ती करणारं कुणी उरलं नाही. आमच्या दादांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मात्र नमस्कार म्हातारपणापर्यंत घातले. त्यांचं पोट नमस्कारांनी सपाट होतं असं मी म्हणणार नाही, ते दुष्काळानं सपाट होतं. पण पहाटे अंगणात घोंगडं टाकून ते उभे राहायचे तेव्हा किती उतरलं असा प्रश्नच त्यांच्या डोक्यात नसायचा. तोंड धुण्याइतकंच ते त्यांचं काम होतं. तुझं चालणं मला तसं व्हायला हवंय. मीही सकाळी स्वतंत्रपूरच्या रस्त्यानं जातो, थंडी असली की कानाला मफलर बांधून, आणि परत येताना कुणी चहाला बोलावलं तर बिनसाखरेचा मागतो. आता लोक बोलवायचे कमी झालेत.

चालण्याच्या जोडीला चार नमस्कार घाल. गुडघा कुरकुरला तर दोनच, सावकाश. दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्याच्या मांड्या सुटतात, त्यांना काम हवं. भट्टीजवळ तासभर बसलास की उठून पाणी पी, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये. आणि ज्या दिवशी चुकेल, म्हणजे लग्न, बारसं, एखाद्या गिऱ्हाइकाची पार्टी, त्या दिवसाचा राग दुसऱ्या दिवशीच्या उपासावर काढू नकोस. उपास संध्याकाळी सुटतो तेव्हा माणूस दुप्पट खातो. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा उठ, चाल, जेव.

सूनबाईला आशीर्वाद सांग. तिचं माप घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, ती तुझ्यापेक्षा जास्त चालते.

तुझा,
मामा

ता. क. काल शनिवारच्या बाजारात चांगला हुलगा मिळाला. भाजून दळून ठेवलाय. विट्याची गाडी तुमच्याकडं निघेल तेव्हा तिच्याबरोबर दोन किलो पीठ पाठवतो. संध्याकाळी बोंड्याच्या वेळेला त्याचं वाटीभर माडगं करून प्यायचं, लसूण-जिऱ्याचं. गुळाचं नाही.